सिट्रिकने डब्लिन कसं राखलं? हरत राहूनही टिकलेल्या एका राजाचं प्रकरण

आयर्लंडमधल्या डब्लिनचा नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग वंशाचा) राजा सिट्रिक 989 मध्ये गादीवर आला आणि 1036 मध्ये उतरला. मधले छोटे खंड सोडले, तर जवळजवळ सत्तेचाळीस वर्षांची ही कारकीर्द. याच काळात आयर्लंडचं महाराजपद, म्हणजे तिथल्या सगळ्या राजांवरच्या राजाचं पद, एका घराण्याकडून दुसऱ्याकडे गेलं, पुन्हा परतलं आणि शेवटी कुणाच्याच हाती धड राहिलं नाही. इंग्लंडमध्ये तर राजांमागून राजे बदलले. दाढीवरून 'रेशीमदाढी' असं टोपणनाव पडलेला हा माणूस मात्र लिफी नदीच्या मुखाशी, मातीच्या तटामागे बसून होता.

त्याच्या लढाया मांडल्या की कोडं आणखी वाढतं. 999 मध्ये ग्लेन मामाला पराभव. 1014 च्या क्लॉन्टार्फला त्याची बाजू हरली. 1021 मध्ये डेलगनीला लेन्स्टर या शेजारच्या आयरिश प्रांताच्या राजाने त्याला हरवलं आणि 1022 मध्ये समुद्रावर, म्हणजे व्हायकिंगांच्या हक्काच्या मैदानात, अल्स्टरच्या राजाने त्याच्या आरमाराची वाताहत केली. मोठी म्हणावी अशी लढाई त्याने क्वचितच जिंकली. मग हा राजा टिकला कसा?

तीन वेळा त्याला डब्लिन सोडावं लागलं. 994 मध्ये वॉटरफर्डचा ईव्हर आला, 1000 मध्ये मन्स्टरचा आयरिश राजा ब्रायन बोरू आला आणि 1036 मध्ये एखमार्काख आला. या तिघांपैकी ज्याच्या फौजेपुढे कुणाचंच चाललं नसतं असा एकटा ब्रायन होता, आणि सिट्रिकला शहर परत दिलं तेही त्यानेच. ईव्हर आणि एखमार्काख नॉर्स घराण्यांतले. त्यांनी शहर घेतलं ते ठेवण्यासाठी. माझ्या मते या प्रकरणाची सगळी किल्ली इथेच आहे. आयरिश राजांना डब्लिनची खंडणी हवी होती, नॉर्स दावेदारांना डब्लिनची गादी. सिट्रिकला हा फरक फार लवकर कळला. आयुष्याच्या उत्तरार्धात परिस्थिती अशी पालटली, की तो कळून उपयोग राहिला नाही.

शहर काय होतं

841 मध्ये व्हायकिंगांनी इथे जहाजांचा तळ ठोकला. 902 मध्ये आयरिशांनी त्यांना हुसकावलं, 917 मध्ये ते परत आले. सिट्रिक जन्मला तोवर त्या लुटारूंच्या तळाचं व्यापारी गाव झालं होतं. 1970 च्या दशकात लिफीच्या दक्षिण काठावर वुड की इथे उत्खनन झालं आणि या गावाचं पोट उघडं पडलं. कूडाच्या भिंतींची घरं, प्रत्येक घराला कुंपण घातलेलं परसू, लाकडी फळ्यांच्या वाटा, सांबरशिंगाच्या कंगव्यांचे तुकडे, चामड्याच्या कातरणीचे थर, बाल्टिककडचा अंबर, पूर्वेकडून आलेलं रेशीम, मुलांच्या खेळण्यातल्या लाकडी होड्या. ओल्या चिखलात हवा शिरली नाही म्हणून हजार वर्षांपूर्वीचं लाकूड टिकलं.

या जागेवर महापालिकेला कचेऱ्या बांधायच्या होत्या. सप्टेंबर 1978 मध्ये सुमारे 20,000 डब्लिनकर विरोध करत रस्त्यावर उतरले आणि पुढच्या जूनमध्ये आंदोलकांनी जागेचा ताबाच घेतला. त्या मोहिमेचं नाव होतं 'ऑपरेशन सिट्रिक'. कचेऱ्या तरीही उभ्या राहिल्या. ज्याला शतकानुशतकं परका लुटारू म्हणून शिकवलं गेलं, त्याचं नाव डब्लिनकरांनी आपलं शहर वाचवण्यासाठी घेतलं, याचं मला फार मोल वाटतं.

रेशमाइतकाच या शहराचा आणखी एक माल होता, माणसं. डब्लिन हा पश्चिम युरोपातला गुलामांचा मोठा बाजार होता. आयर्लंडच्या आतल्या गावांतून, वेल्समधून धरून आणलेली बायका-मुलं इथून जहाजांत चढवली जात. सिट्रिकच्या चातुर्याची वाखाणणी करताना हे विसरून चालणार नाही, कारण त्याचा खजिना ज्या व्यापाराने भरत होता त्यात हाही धंदा होता.

मिळालेला वारसा

सिट्रिकचा बाप ओलाफ क्वारान डब्लिनचा राजा होता आणि त्याआधी दोनदा इंग्लंडातल्या यॉर्कच्या गादीवरही बसला होता. आई गॉर्मफ्लॅथ लेन्स्टरच्या राजाची मुलगी, म्हणजे सिट्रिक अर्धा आयरिशच. 980 मध्ये ताराच्या लढाईत मीथचा राजा माएल शेखनालने डब्लिनच्या फौजेचा चुराडा केला. ओलाफचा एक मुलगा तिथे पडला. म्हातारा ओलाफ आयोना बेटावरच्या मठात निघून गेला आणि तिथेच वारला. गादीवर आला सिट्रिकचा सावत्र भाऊ ग्लूनिअर्न. हा आईकडून माएल शेखनालचाही भाऊ लागत होता, त्यामुळे मीथला तो सोयीचा होता. 989 मध्ये त्याच्याच एका गुलामाने त्याचा खून केला.

त्याच वर्षी माएल शेखनालने डब्लिनला वेढा घातला. वेढा वीस रात्री चालला. आयरिश मठांतल्या वार्षिक नोंदी सांगतात, की आतल्या लोकांना प्यायला खाऱ्या पाण्याशिवाय काही उरलं नव्हतं. शहर शरण आलं. मीथच्या राजाने कर लावला तो असा: प्रत्येक परसवामागे एक औंस सोनं, दरवर्षी नाताळच्या रात्री, तो राजा असेपर्यंत.

ही अट नीट पाहण्यासारखी आहे. कर माणशी नाही, शहराची एकरकमी बोली नाही, तर घरटी. जितकी कुंपणं नांदती तितकं सोनं. शहर जाळलं तर पुढच्या नाताळात वसुली बुडणार. म्हणजे माएल शेखनालने हा कर लावला त्या क्षणी डब्लिन नांदतं राहण्यात त्याचाही हितसंबंध तयार झाला. सिट्रिकचं राज्य सुरू झालं ते याच करारावर. वेढ्याने अर्धमेलं झालेलं शहर, वर एक मालक आणि त्या मालकाला हवं असलेलं सोनं.

पहिला धक्का वरून आलाच नाही, शेजारून आला. 994 मध्ये वॉटरफर्डच्या ईव्हरने सिट्रिकला हाकलून डब्लिन घेतलं. वर्षभरात सिट्रिक परतला. 995 मध्ये माएल शेखनालने शहरातून दोन वस्तू बळाने नेल्या, थॉर देवाचं कडं आणि कार्लुसची तलवार. ही राजघराण्याची मानचिन्हं होती, एका अर्थी गादीच. पण खुद्द गादीवर त्याने आपला माणूस बसवला नाही.

चांदीची नाणी

साधारण 997 च्या आसपास सिट्रिकने नाणी पाडायला सुरुवात केली. आयर्लंडच्या भूमीवर पाडलेली ही पहिली नाणी. त्याआधी बेटावर चांदी फिरत होती ती तोडलेल्या कड्यांच्या, पट्ट्यांच्या किंवा परदेशी नाण्यांच्या रूपात, वजनावर. आयरिश राजे गाईंत हिशेब करत आणि त्यांना नाण्यांची निकड वाटत नव्हती.

सिट्रिकची चांदीची पेनी इंग्लंडच्या एथेलरेड राजाच्या नाण्याची हुबेहूब नक्कल होती. तसाच मुखवटा, मागे तसाच क्रूस, आणि कडेने लॅटिन अक्षरांत 'सिट्रिक, डब्लिनचा राजा'. काही नाण्यांवर तर एथेलरेडचंच नाव आहे. नक्कल म्हणून याला नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. चेस्टर किंवा ब्रिस्टलच्या व्यापाऱ्याच्या तळहातावर ओळखीचं नाणं पडलं, तर तो वजनकाटा न काढता सौदा करतो. सिट्रिकला नवं चलन रुजवायचं नव्हतं, दुसऱ्याचं रुजलेलं चलन वापरायचं होतं. डब्लिनचं खरं सामर्थ्य तलवारीत नाही, या देवघेवीत आहे, हे त्याच्या बापाच्या पिढीला अजून पुरतं उमगलं नव्हतं.

ब्रायन येतो

997 मध्ये क्लॉनफर्टला माएल शेखनाल आणि मन्स्टरचा ब्रायन बोरू भेटले आणि दोघांनी आयर्लंड वाटून घेतलं. दक्षिणेचा अर्धा ब्रायनकडे, त्यात लेन्स्टर आणि डब्लिन. वाटणी झालेल्यांना कुणी विचारलं नव्हतं. 999 मध्ये लेन्स्टरचा माएल मोर्धा, सिट्रिकचा सख्खा मामा, बंडाला उभा राहिला आणि भाचा त्याच्यासोबत गेला.

वर्षाच्या अखेरीला ग्लेन मामाच्या लढाईत दोघांचा धुव्वा उडाला. सिट्रिकचा भाऊ अराल्ट मारला गेला. ब्रायन थेट डब्लिनमध्ये शिरला, शहर लुटलं, जाळलं आणि जवळचं थॉरचं वनही पेटवलं. सिट्रिक उत्तरेला पळाला. तिथल्या राजांनी आसरा नाकारला. ब्रायनचा रोष ओढवून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. शेवटी तो परत आला, ब्रायनपुढे वाकला, ओलीस दिले.

आणि ब्रायनने त्याला डब्लिन परत दिलं. वर सोयरीक जोडली, तीही दुहेरी. आपली मुलगी स्लाने सिट्रिकला दिली आणि सिट्रिकची आई गॉर्मफ्लॅथ हिच्याशी स्वतः लग्न केलं. ब्रायन सिट्रिकचा सासराही झाला आणि सावत्र बापही.

जिंकलेलं, जळलेलं, राजा पळालेलं शहर ब्रायनने परत का द्यावं? उदारपणा हे उत्तर मला पटत नाही. ब्रायनच्या घराण्याची ताकद शॅनन नदीकाठची, जमिनीची आणि गुराढोरांची. डब्लिनचं बंदर चालवायला मॅन बेटापासून नॉर्वेपर्यंतच्या जहाजमालकांशी नाती हवीत, त्यांची भाषा हवी, त्यांच्यातला मान हवा. शिवाय मन्स्टरचा माणूस डब्लिनच्या गादीवर बसता तर लेन्स्टर आणि मीथ दोघंही त्याच्याविरुद्ध एक झाले असते. याउलट हरलेला, ऋणी झालेला, घरचा जावई असलेला सिट्रिक सांगितलं की जहाजं देणार. 1002 मध्ये ब्रायन महाराजा झाला, आणि त्याच्या उत्तरेच्या मोहिमांत डब्लिनची जहाजं आणि माणसं होती. ज्या उत्तरेने आसरा नाकारला तिथे सिट्रिकने त्याच वर्षी आरमार नेऊन मठांतून कैदी धरून आणले. हा सूड होता आणि धन्याची सेवाही.

या दशकातल्या डब्लिनच्या दरबाराचं एक छान चित्र आइसलँडच्या सागांमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गद्यकथांमध्ये, आलं आहे. गुनलाउग नावाचा तरुण आइसलँडी कवी सिट्रिककडे येतो आणि त्याच्यावर रचलेलं स्तुतिकाव्य म्हणतो. सिट्रिक तरुण, उत्साही, आणि असं काव्य आजवर कुणी त्याच्यासाठी आणलेलं नाही. तो खजिनदाराला विचारतो, याला दोन व्यापारी जहाजं दिली तर? खजिनदार म्हणतो, महाराज, फार होतंय, बाकीचे राजे तलवारी किंवा सोन्याची कडी देतात. मग कवीला राजाच्या अंगावरचा किरमिजी पोशाख, भरतकामाचा अंगरखा आणि सोन्याचं कडं मिळतं. साग्याची नोंद दोनशेहून अधिक वर्षांनंतरची आहे, तरी राजाच्या तोंडी आधी जहाजं येतात आणि जवळ उभा हिशेबनीस त्याला आवरतो, यात या शहराचा स्वभाव अचूक पकडला आहे.

1014: तटावर थांबण्याचा निर्णय

1012 नंतर माएल मोर्धा पुन्हा ब्रायनवर उलटला. बाराव्या शतकात ब्रायनच्या वंशजांनी लिहवून घेतलेल्या ग्रंथात, ज्याला आपण बखर म्हणू, याची रंगतदार कथा आहे. ब्रायनने दिलेल्या रेशमी अंगरख्याचं चांदीचं बटण तुटतं, माएल मोर्धा बहिणीला ते शिवायला सांगतो, गॉर्मफ्लॅथ 'मांडलिकाचं वस्त्र मिरवतोस' म्हणून अंगरखाच आगीत फेकते. मग पटावरच्या खेळात ब्रायनचा थोरला मुलगा मुरखाद याच्याशी बाचाबाची होते आणि माएल मोर्धा रागाने निघून जातो. राज्यं अंगरख्याच्या बटणावरून लढत नाहीत. लेन्स्टरवरचा खंडणीचा बोजा एवढं कारण पुरेसं आहे.

1013 च्या शरदात मुरखाद आणि ब्रायनने डब्लिनला वेढा घातला. नाताळच्या सुमारास शिधा संपला म्हणून ते माघारी गेले. ते वसंतात परत येणार हे उघड होतं. त्या हिवाळ्यात सिट्रिक बाहेर पडला आणि ऑर्कनीला जाऊन तिथला जार्ल (सरदार) सिगुर्ड याच्याकडे मदत मागितली. आइसलँडच्या सागांनुसार सिगुर्डने किंमत सांगितली: गॉर्मफ्लॅथशी लग्न आणि आयर्लंडचं राज्य. सिट्रिकने कबूल केलं. मग तो मॅन बेटाजवळ ब्रोदिर नावाच्या नायकाकडे गेला आणि त्यालाही तेच कबूल केलं, दुसऱ्याला सांगायचं नाही या अटीवर. दोघांनी पाम रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपर्यंत, डब्लिनला पोचायचं ठरलं.

या कराराचे शब्द साग्याच्या लेखकाचे असतील. त्यामागची अडचण मात्र खरी आहे, आणि हे प्रकरण अभ्यासायचं ते इथे थांबून. ब्रायन जिंकला तर सिट्रिकला दुसऱ्यांदा क्षमा मिळेल याचा भरवसा नाही. सिगुर्ड जिंकला तर जिंकलेलं आरमार डब्लिनच्या धक्क्याला लागणार आणि सिगुर्ड काही घरी जाणार नाही. तो नॉर्स आहे, त्याला बंदर चालवता येतं, त्याला सिट्रिकची गरज नाही. 994 चा ईव्हर सिट्रिक विसरला असेल असं मला वाटत नाही. म्हणजे शत्रूचा विजय घातक आणि मित्राचा विजय त्याहून घातक.

23 एप्रिल 1014, गुड फ्रायडे. नदीपलीकडे क्लॉन्टार्फच्या किनाऱ्यावर दोन्ही फौजा भिडल्या. सिट्रिकने आपला भाऊ दुव्गल याच्याबरोबर काही माणसं पाठवली आणि स्वतः उरलेल्या शिबंदीसह तटाच्या आत राहिला. बखरकार यावर तुटून पडतो. तो सांगतो, की सिट्रिक आणि स्लाने तटावरून लढाई पाहत होते. सकाळी सिट्रिक म्हणाला, परके (म्हणजे नॉर्स) शेत कसं छान कापताहेत. संध्याकाळी त्याच्या बाजूची माणसं समुद्राकडे धावत सुटली तेव्हा ब्रायनची लेक म्हणाली, परक्यांना त्यांचं वतन मिळालेलं दिसतंय. उधळलेल्या गुरांसारखी पळताहेत, पण दूध काढायला काही थांबत नाहीत. सिट्रिकने तिच्या तोंडावर असा ठोसा मारला की दात पडला.

ही कथा सिट्रिकला भ्याड आणि बायकोवर हात टाकणारा ठरवण्यासाठी रचली आहे, आणि रचणारे ब्रायनचे वंशज आहेत. तरीही हा ग्रंथ बाजूला फेकता येत नाही. त्यात म्हटलं आहे, की सूर्योदयाला भरती होती आणि संध्याकाळी पुन्हा भरतीने जहाजांकडे जाणारी वाट बुडवली. एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल हॉटन या डब्लिनच्या अभ्यासकाने त्या दिवशीच्या भरती-ओहोटीचं गणित मांडलं, आणि ते ग्रंथाशी जुळलं. म्हणजे लिहिणाऱ्याजवळ त्या दिवसाची खरी आठवण कुठून तरी आलेली होती. समुद्राविषयी तो खरं बोलतो, सिट्रिकविषयी मनातलं बोलतो.

माझा निवाडा असा, की तटाच्या आत थांबणं हा सिट्रिकच्या आयुष्यातला सर्वांत शहाणा निर्णय होता. शिबंदी बाहेर पडून कापली गेली असती तर जो कुणी जिंकला असता त्याला दरवाजे सताड उघडे मिळाले असते. भरलेला तट हेच त्याच्या हातातलं शेवटचं नाणं होतं आणि ते त्याने मोडलं नाही. भावाला मात्र त्याने बाहेर पाठवलं आणि तो भाऊ परतला नाही, हेही त्याच निर्णयाचं अंग आहे.

संध्याकाळपर्यंत सिगुर्ड मेला होता. माएल मोर्धा मेला होता. मुरखाद मेला होता, त्याचा कोवळा मुलगा भरतीच्या पाण्यात बुडाला होता. सत्तरी ओलांडलेला ब्रायन आपल्या तंबूत मारला गेला. मारणारा ब्रोदिर, आणि तोही वाचला नाही. मन्स्टरच्या उरल्यासुरल्या फौजेची धुरा आली डोन्खादकडे. हा ब्रायन आणि गॉर्मफ्लॅथचा मुलगा, म्हणजे सिट्रिकचाच एका आईचा भाऊ. जखमी माणसं घेऊन तो घरी निघून गेला. डब्लिनला हात लावण्याची ताकद कुणात उरली नव्हती.

वरचा मालक गेल्यावर

माएल शेखनाल पुन्हा महाराजा झाला आणि 1015 मध्ये त्याने डब्लिनवर स्वारी करून आपण आहोत याची आठवण दिली. पंचवीस वर्षांपूर्वीचीच घडी परत बसली. पण 1022 मध्ये तो वारला, आणि मग संपूर्ण बेटावर हुकूम चालेल असा कुणी उरला नाही. आयर्लंडच्या इतिहासात हा डब्लिनच्या सुटकेचा काळ वाटावा. झालं उलट. खंडणी घेणारा बलाढ्य राजा गेला आणि त्याबरोबर सिट्रिकला टिकवण्यात ज्याचा स्वार्थ होता तोही गेला. आता भोवती सहा-सात मध्यम राजे, प्रत्येकाला लचका हवा, आणि कुणालाच त्याला सांभाळण्याची गरज नाही.

क्लॉन्टार्फनंतरच्या वीस वर्षांतला सिट्रिक वेगळा दिसतो, आणि मला तो आवडत नाही. 1018 मध्ये त्याने माएल मोर्धाच्या मुलाचे, आपल्या मामेभावाचे, डब्लिनमध्ये डोळे काढवले, म्हणजे लेन्स्टरच्या गादीवर त्याचा हक्क उरू नये. 1019 मध्ये केल्सचा मठ लुटून माणसं कैद करून आणली. डेलगनी आणि समुद्रावरची हार याच काळातली. साधारण 1020 नंतर डब्लिनची नाणीही इंग्लंडच्या नव्या नमुन्यांबरोबर बदलायची थांबली. तोच जुना लांब क्रूस वर्षानुवर्षं, वजन घटत चाललेलं, अक्षरं बिघडत चाललेली. राजाचा हात किती सैल झाला होता हे वार्षिक नोंदींइतकंच या नाण्यांतही वाचता येतं.

1028 मध्ये तो रोमच्या यात्रेला गेला. सोबत शेजारच्या ब्रेगा या आयरिश राज्याचा राजा फ्लानाकान होता. परतल्यावर त्याने डब्लिनच्या टेकाडावर ख्रिस्ताचं मोठं देवालय उभारायला जागा दिली, बांधायला सोनं-चांदी दिली आणि बाल्डॉइल, रॅहेनी, पोर्ट्रेन इथल्या जमिनी लावून दिल्या. दूनान हा तिथला पहिला बिशप. आजचं क्राइस्ट चर्च कॅथीड्रल त्याच जागी आहे. थॉरचं कडं ज्या घरात पुजलं जात होतं त्या घराच्या वारसाने हे केलं. यात भक्ती नव्हती असं मी म्हणणार नाही. त्याच्या बापाने आयोनाला देह ठेवला होता आणि त्याची एक मुलगी जोगीण झाली होती. पण डब्लिनला स्वतःचा बिशप मिळणं म्हणजे ख्रिस्ती युरोपच्या नकाशावर शहराला स्वतःचं नाव मिळणं, आणि ते त्याला हवं होतं.

पुढच्याच वर्षी, 1029 मध्ये, ब्रेगाच्याच दुसऱ्या एका राजाने, मॅथगामेन ओ'रिगनने, सिट्रिकचा मुलगा ओलाफ पकडला. सोडवणुकीची यादी नोंदींत पूर्ण आहे: 1200 गाई, 120 वेल्श घोडे, 60 औंस सोनं, 60 औंस शुद्ध चांदी, ओलीस, आणि कार्लुसची तलवार. 995 मध्ये गेलेली ती तलवार मधल्या काळात कशीतरी डब्लिनला परत आली होती आणि आता पुन्हा गेली. वेल्श घोडे कुठून आले याचा विचार केला की डब्लिनचा समुद्रापार हात अजून पोचत होता हे दिसतं. बापाने मुलासाठी सगळं दिलं. तो मुलगा 1034 मध्ये रोमला निघालेला असताना इंग्लंडमध्ये मारला गेला.

देवालय उभं राहत होतं त्याच सुमारास, 1031 मध्ये, डब्लिनच्या फौजेने आर्डब्रेकनवर छापा घातला. दगडी चर्चमध्ये आसरा घेतलेली 200 माणसं आत जाळली गेली आणि 200 कैद करून नेली. बाजाराचं गणित या राजाला किती उत्तम कळत होतं हे वर लिहिलं, तेव्हा त्या गणिताची ही बाजूही इथे लिहिली पाहिजे.

1035 मध्ये सिट्रिकने वॉटरफर्डचा राजा रॅगनल याला डब्लिनमध्ये ठार मारवलं. चाळीस वर्षांपूर्वी ईव्हर जिथून आला होता तेच वॉटरफर्ड. धोका कुठून येतो हे त्याला शेवटपर्यंत माहीत होतं. पण या खेपेला धोका आयरिश समुद्रातून आला. 1036 मध्ये एखमार्काख डब्लिनमध्ये आला आणि म्हातारा सिट्रिक समुद्रापार निघून गेला. वारस मुलगा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. भांडायला येईल असा सासरा नव्हता, नाताळच्या सोन्याची वाट पाहणारा मीथचा राजा नव्हता. 1042 मध्ये सिट्रिक वारला, आणि नोंद सांगते, त्याच महिन्यात त्याची जोगीण मुलगीही.

त्याच 1042 मध्ये डब्लिनच्या परिसरात ओकची झाडं तोडून एक लांब युद्धनौका बांधली गेली. सुमारे तीस मीटर लांब, साठ वल्ह्यांची. तिचे अवशेष डेन्मार्कच्या रॉस्किल्ड खाडीत सापडले आणि लाकडाच्या वलयांवरून तिचं साल आणि गाव दोन्ही कळलं. राजा गेला तरी बंदराचं काम थांबलं नव्हतं. मारला गेलेला ओलाफ मागे एक मुलगी ठेवून गेला होता, रॅग्नहिल्ड. तिचा मुलगा ग्रिफिथ डब्लिनच्या भागात वाढला आणि पुढे वेल्समधल्या ग्विनेडचा राजा झाला.

खुद्द डब्लिनमध्ये एखमार्काख आणि इतर नॉर्स दावेदारांत आलटून-पालटून सोळा वर्षं गेली. 1052 मध्ये लेन्स्टरचा राजा डर्मिड चालून आला आणि एखमार्काख पळाला. या आयरिश राजाने कुणा नॉर्स मांडलिकाला बोलावून गादी परत केली नाही. डब्लिनचं राजेपद त्याने स्वतः घेतलं आणि पुढे आपल्या मुलाकडे सोपवलं. ब्रायनच्या काळात जे कुणाला परवडत नव्हतं ते आता परवडू लागलं होतं.